शलाकाच्या गाडीचा हँडब्रेक

१

त्या दिवशी मी कूलरचं गवत बदलत होतो. पाऊस लांबला होता, दुपारी घरात बसवत नव्हतं आणि जुन्या गवताला वास यायला लागला होता. मागच्या ओसरीत बसून नवं गवत जाळीत दाबत असताना शालिनी फोन घेऊन आली. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात, ती म्हणाली. माझे हात ओले होते, काड्यांनी भरलेले होते. म्हणून तिने फोन माझ्या कानाला लावून धरला आणि ती माझ्यासमोर उभी राहिली.

बोलणारा माणूस सभ्य होता. हिंदीत, सावकाश, एकेक वाक्य पूर्ण करत तो बोलला. मी मधून मधून 'जी' म्हणत होतो. शालिनीला मला काही सांगावं लागलं नाही. फोन धरल्या धरल्या तिने बातमी माझ्या चेहऱ्यावर वाचली होती. पलीकडचं बोलणं संपलं तरी तिने फोन माझ्या कानापासून काढला नाही.

आमची मुलगी शलाका गेली होती.

शलाका आर्किटेक्ट होती. नोकरी लागल्यावर तिने पहिली मोठी खरेदी केली ती एका जुन्या गाडीची. सत्तरच्या दशकात, जमिनीखालचं पाणी शोधत फिरणाऱ्या इंजिनिअरांसाठी कुणी ट्रकच्या चासीवर अ‍ॅल्युमिनियमचं घर बांधून घेतलं होतं. दोन बर्थ, लहानसा ओटा, बेसिन, भिंतीत दुमडून जाणारं टेबल. शलाका तिला घरगाडी म्हणायची आणि सुटी मिळाली की घेऊन निघायची. तिचा हँडब्रेक ढिला होता. ते तिला ठाऊक होतं, नवा तिने मागवलाही होता. तोवर चढावर गाडी लावली की ती चाकामागे दगड ठेवायची, सगळे ठेवतात तसा.

त्या सकाळी जानापावच्या डोंगराच्या चढावर एका चहाच्या टपरीजवळ तिने गाडी लावली, दगड ठेवला आणि आत जाऊन ती मागच्या ओट्याशी काहीतरी करत होती. दगड निसटला. गाडी मागे जाऊ लागली. ती पुढे धावली. सीटवर बसून पायाचा ब्रेक दाबायला वेळ नव्हता, म्हणून दोन सीटांच्या मधून वाकून तिने हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. टपरीवाल्याला ते समोरच्या काचेतून दिसलं. खाली नाल्याच्या काठावर एका झाडावर आदळून गाडी थांबली. त्या हिसक्याने तिची मान मोडली.

फोनवर ऐकलेली एक गोष्ट मी शालिनीला सांगितली नाही. दांड्यावरून तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली होती.

२

कागदपत्रं पुरी झाल्यावर गाडी क्रेनला लागून घरी आली. आमच्या घराला लागून शरदचंद्रजींचा रिकामा प्लॉट आहे. ते मुलाकडे बंगळूरला राहतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, लावा, हवे तितके दिवस लावा. सुदामा नगरात आमच्या बाजूला जमीन सपाट आहे, पाणीसुद्धा कुठे जावं ते न कळून साचतं. गाडीची मागची बाजू चेपली होती, एका खिडकीला तडा गेला होता. पुढून पाहिलं तर काही झालंय असं वाटत नव्हतं.

भंगारात द्या, असं सगळ्यांचं मत पडलं. देणारच होतो. पण त्याच आठवड्यात कुरिअर आलं. आधी त्या माणसाने शलाकाच्या नंबरवर फोन करून पाहिला असावा. मग बेल वाजवली आणि विचारलं, शलाका मॅडम हैं? शालिनीने हात पुढे करून खोकं घेतलं. ते जड होतं. तिने ते उघडलं नाही, शलाकाच्या पलंगावर नेऊन ठेवलं.

नंतर मी उघडलं. आत लोखंडी चकती होती, ती आवळून धरणारा पंजा होता, नवी केबल होती आणि आखूड, काळ्या मुठीचा नवा दांडा होता. पार्किंग ब्रेकचा अख्खा संच.

मी तो बसवून घ्यायचं ठरवलं. शालिनीच्या भावाने मला बाजूला घेऊन विचारलं, भावोजी, आता काय थांबवायचंय? मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, एखाद्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही म्हणजे ती गोष्ट चुकीची असते असं मुलांना सांगत आलो आहे. पण पोरीने हाती घेतलेलं काम अर्धं पडलं होतं, आणि तिची उरलेली बाकी कामं माझ्या हातात नव्हती.

३

शाळा सुटल्यावर दुपारी मी माझ्या टेबलाशी बसतो. टेबलासमोरच्या खिडकीतून प्लॉट दिसतो. त्या दिवसांत गाडीकडे पाठ करून बसायला मी खुर्ची फिरवून घेतली होती.

त्या वेळी आमच्या गल्लीत फार आवाज नसतात. कूलर, लांबून एखादा रद्दीवाला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. शालिनी बाहेरच्या खोलीत डोळ्यांवर पदर घेऊन पडलेली असते. अशा एका दुपारी मी लोखंडाचा आवाज ऐकला. कड्. थोड्या वेळाने पुन्हा कड्. मग आणखी, प्रत्येक आवाज आधीपेक्षा जड. दातेरी पट्टीवरून काहीतरी ओढून वर नेलं जात होतं, आणि वर जावं तसं ते कठीण होत होतं.

उन्हाने पत्रा तापतो, प्रसरण पावतो, वाजतो. अ‍ॅल्युमिनियम तर फारच. मी तसंच बसून राहिलो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किल्ली घेऊन गाडीत गेलो. आत बंद हवेचा आणि रॉकेलचा जुना वास होता. हँडब्रेकचा दांडा शेवटच्या दातापर्यंत ओढलेला होता. पोलिसांनी ओढून ठेवला असणार. मूठ दाबून मी तो खाली केला, दार लावलं, किल्ली कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आवाज आला. संध्याकाळी दांडा वर होता.

आतली स्प्रिंग बिघडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण स्प्रिंग दातात अडकणाऱ्या खुंटीला दाबून धरते, दांडा उचलत नाही. हे मला कुणी वर्गात विचारलं असतं तर मी फळ्यावर आकृती काढून दाखवलं असतं. मी दांडा पुन्हा खाली केला. तो खाली जाताना हाताला जाणवण्याइतका गरम होता, आणि त्या बाजूला ऊन येत नव्हतं.

शालिनीला मी काही बोललो नाही. तिनेही मला विचारलं नाही की रोज संध्याकाळी तुम्ही गाडीत कशाला जाता.

४

जयसिंगरावांचं गॅरेज बड्या गणपतीच्या देवळाजवळ आहे. त्यांचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. हे ते पहिल्या भेटीतच सांगतात आणि मग इंजिनच्या ताकदीबद्दल असं बोलतात जणू घोडे अजून तबेल्यात बांधलेले आहेत. शलाकाशी त्यांची चांगली गट्टी होती. गाडी हलवायला नको म्हणून ते स्वतःच सामान घेऊन प्लॉटवर आले, सतरंजी टाकून गाडीखाली शिरले आणि तिथूनच बोलत राहिले.

त्यांचं म्हणणं असं की ही गाडी म्हणजे हत्तीण, आणि बनवणाऱ्याने हिला बकरीचं दावं बांधलं होतं. गिअरबॉक्सच्या मागे, फिरणाऱ्या शाफ्टवर जुना ड्रम होता. तो काढून त्यांनी तिथे चकती बसवली, पंजा बसवला, केबल ओढून घेतली. मग पुढे येऊन जुना दांडा खोलला. तो उजेडात धरून ते जरा वेळ बघत राहिले.

"सर, ही गाडी उभीच आहे ना तेव्हापासून?"

मी हो म्हणालो.

दातांच्या कडा चकाकत होत्या. रोजच्या वापरातल्या चाकूसारख्या. त्यांनी भंगाराच्या पोत्यात दांडा टाकून दिला.

नवा दांडा ओढला की बारीक, दाट आवाज यायचा, घड्याळाला चावी द्यावी तसा. जयसिंगरावांनी तो चार-पाचदा ओढून दाखवला. गाडीला दोघांनी ढकलून पाहिलं, हलली नाही. मी म्हटलं, झालं तर मग. त्यांनी मान हलवली.

"सपाटीवर तर बिनब्रेकची पण उभी राहते, सर. चढावर न्यायची, दांडा ओढायचा नि पाय सोडून द्यायचा. ती टेस्ट झाली की काम झालं. तोवर मी काम पूरं झालं नाही बोलत, माझे बाप पण नव्हते बोलत."

कुठला चढ, हे त्यांनी म्हटलं नाही. पुढच्या रविवारी बघू, मी म्हणालो.

त्या दुपारनंतर आवाज थांबला. मी खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली. गाडी उन्हात उभी असायची, काही वाजत नसे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी पेपर तपासायला घ्यायचो आणि मध्येच लक्षात यायचं की बराच वेळ मी एकही ओळ वाचलेली नाही, फक्त कान देऊन बसलो आहे.

५

नवा आवाज सुरू झाला तो एका दातापासून. टिक्. मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या दिवशी दोन-तीन. अनोळखी कुलूप उघडताना माणूस जसा अंदाज घेतो, तसं. आठवड्याभरात तो सरसर वर जायला लागला, आणि मग शेवटच्या टप्प्यात पुन्हा ते जड, थांबत थांबत येणारे आवाज. नव्या दांड्याला इतका जोर लागत नाही. मी ओढून पाहिला होता. एका हाताने, सहज ओढला जातो.

समोरच्या प्रेमलताजींनी एकदा फाटकाशी थांबवून विचारलं, "भाईसाब, दोपहर में गाड़ी का काम चलता है क्या?" मी हो म्हणालो. तेव्हापासून त्या प्लॉटच्या बाजूची खिडकी लावून घेतात.

खंडेनवमीला जयसिंगराव सकाळीच आले. हातात ताट, त्यात हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्या घरी यंदा सण नव्हते, मी त्यांना दारातच तसं सांगितलं. ते म्हणाले, सण तुमचा नाही, माझ्या कामाचा आहे. या दिवशी गॅरेजातला पाना न पाना धुऊन, पुसून आडवा ठेवतात ते, आणि हाताने बसवलेली मोठी चीज बिनपूजेची ठेवत नाहीत. मी अडवलं नाही. त्यांनी नव्या दांड्याच्या मुठीला ओलं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि दांडा खाली करून आडवा ठेवला.

"आज हिला आराम," ते म्हणाले. "आज कुणी हात लावायचा नाही."

चाकांना लाकडी गुटके लावून त्यांनी गाडी स्वतः बंद केली. गंमत म्हणून की काय, किल्ली खिशात घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते किल्ली द्यायला आले तेव्हा आम्ही दोघांनीच दार उघडलं. दांडा पुरा वर होता. फूल खाली पडलं होतं, चुरगळलेलं. मुठीवरचं हळदकुंकू वाळण्याआधीच फासलं गेलं होतं, आणि त्यात बोटांच्या रेघा होत्या. एका हाताच्या वर, त्याला लागून खाली दुसऱ्या हाताच्या. बोटं बारीक होती.

काल कुंकू लावल्यावर यांनीच दांडा खाली केला, तेव्हा ते फासलं गेलं असणार, असा विचार मी केला. दोन हातांचं काय, हा विचार मी केला नाही. जयसिंगरावांनी खिशातून रुमाल काढला, मूठ पुसली, सावकाश, आजाऱ्याचे हात पुसावे तशी. उतरताना एवढंच म्हणाले, "सर, टेस्ट घेऊन टाका. माझं ऐका."

६

दिवाळीनंतर ऊन मऊ झालं, कूलर बंद झाला, आणि आवाज अधिक स्पष्ट यायला लागला. एका दुपारी तो सुरू झाला तसा मी उठलो आणि चप्पल न घालताच प्लॉटवर गेलो. गाडीच्या बाजूने, पत्र्याला हात टेकवत, पुढे आलो. पत्रा थरथरत होता. दाराला हात लावायचा धीर झाला नाही. ड्रायव्हरच्या बाजूला बाहेर आरसा आहे, तो जरा आत वळलेला आहे. मी त्यात पाहिलं.

दोन सीटांच्या मध्ये एक पाठ दिसली. वाकलेली, मागे रेटलेली. खांदे वर आलेले. ओढताना ती पाठ पूर्ण ताणली जात होती आणि मग क्षणभर सैल पडून पुन्हा ताणली जात होती. चेहरा मला दिसला नाही. वळली असती तर दिसला असता.

"शलाका," मी म्हणालो. "गाडी थांबली आहे, बाळा."

आवाज थांबला. आत कुणीतरी ऐकत असावं अशी शांतता झाली. मी पुन्हा म्हणालो, थांबली आहे. मग एक दात वाजला, त्यावर आणखी एक, आणि मी आरशातून नजर काढून घेतली.

घरात आलो तर शालिनी माझ्या खुर्चीत बसली होती. खिडकी उघडी होती. ती इथे नेहमी बसत असावी, मी शाळेत असतो तेव्हा, हे मला तिच्या बसण्यावरून कळलं.

"अहो, हात सोडत नाहीये ती," ती म्हणाली. "दमली आहे, तरी सोडत नाहीये."

मी म्हटलं, मी तिला सांगितलं आत्ता. गाडी थांबलीय म्हणून.

"सांगून कसं पटेल? इथे तर गाडी कधी घसरलीच नव्हती. तिला चढावर गाडी थांबवून दाखवा." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी येते बरोबर. मी शेजारी बसते. एकदा थांबलेली कळली की सुटेल बिचारी."

मी हो म्हणालो. मला ते पटलं होतं. बुद्धीला पटलं होतं असं म्हणणार नाही, पण पटलं होतं. चढावर गाडी उभी करायची, दांडा ओढायचा, पाय सोडायचा. गाडी जागच्या जागी राहील. दांड्यावरचे हात सैल होतील. मग आम्ही दोघं परत येऊ.

शालिनीने शनिवारी डबा करून ठेवला. त्या रविवारी बॅटरी उतरली होती. पुढच्या रविवारी परीक्षांचं काम होतं. नंतर मी म्हटलं की थंडी पडलीय, घाटात धुकं असतं. जयसिंगरावांचे फोन यायचे, बॅटरी त्यांनीच बदलून दिली, बरोबर येतो म्हणाले. मी त्यांचे फोन घेणं कमी केलं. शालिनी आता विचारत नाही. रोज जेवण झालं की गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवते आणि आत जाऊन पडते. पूर्वी ती खिडकीशी बसायची, आता बसत नाही. परवा मी पाहिलं, तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

दुपारी मी दार लावून घेतो आणि वाट बघतो. आवाज हल्ली पूर्वीसारखा जोरकस नाही. वर जाता जाता मध्ये थांबतो, श्वास घ्यायला थांबावं तसा, आणि कधी कधी शेवटच्या दाताशी इतका वेळ लागतो की मी खुर्चीत पुढे वाकून माझ्याच मुठी आवळतो. तिला काय होत असेल ते मला कळतं. ते संपवणं माझ्या हातात आहे हेही कळतं. संपल्यानंतरची दुपार मात्र मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. खिडकी असेल, प्लॉट असेल, नीट दुरुस्त झालेली एक जुनी गाडी असेल, आणि मी कान देऊन बसलो तरी ऐकू काही येणार नाही.

आज रविवार होता. आकाश निरभ्र होतं, रस्ता कोरडा होता. किल्ली टेबलावर आहे.

चढावरची टेस्ट अजून घेतलेली नाही.